डोहाळे कुणाचे

राजनंदिनीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी उलटी झाली ती तिच्या सासूला.

बबिता चुलीपुढं पुऱ्या तळत होती. पहिला घाणा निघाला, तेलाचा वास नाकात गेला आणि ती झारा कढईतच टाकून मागच्या दारानं पळाली. आत राजनंदिनी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. तिची ओटी भरायला जमलेल्या झरी गावच्या बायकांना ओकण्याचा आवाज नीट ऐकू आला. बबिताची नणंद चंदा पोखर्णीहून आदल्या दिवशीच आली होती. ती म्हणाली, "बघा बाई, डोहाळे सुनेचे अन् ओकायली सासू."

सगळ्या हसल्या. बबिताची सासू भिवराबाई हसली नाही.

भिवराबाईचं आयुष्य मेंढरांत गेलं होतं. कळपातली कुठली मेंढी गाभण आहे हे ती लांबून सांगायची आणि सहसा चुकायची नाही. बबिता पदरानं तोंड पुसत परत आली, कढईकडं न बघता पुऱ्या दुसरीला तळायला सांगितल्या आणि भिंतीला टेकून बसली. भिवराबाईनं सुनेकडं एकदा नीट पाहिलं आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं.

तिला आनंद झाला. परमेश्वर या मुलानंतर बबिताला एक लेकरू झालं होतं, ते जन्मतःच गेलं. त्यानंतर काही नाही. "देवानं दिलंच न्हाई," असं बबिता सांगत आली होती आणि भिवराबाई इतकी वर्षं देवाला बोल लावत आली होती. पोखर्णीच्या नरसिंहाला तर तिनं एकदा देवळात उभं राहून सुनावलं होतं. आता परमेश्वरचं लग्न झालं, त्याची बायको सात महिन्यांची गरोदर, आणि देवाला आता आठवण झाली. देवाच्या कारभाराबद्दल भिवराबाईनं फार विचार केला नाही. जेवणं उरकल्यावर ती वाड्यामागं गेली. तिचा मुलगा रामप्रसाद तिथं एका मेंढीचं खूर तासत होता.

"तुझ्या बायकूला दिवस गेल्यात," ती म्हणाली.

रामप्रसादनं खूर सोडलं नाही. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे?"

ती निघून गेली. रामप्रसादनं ते खूर पूर्ण तासलं, मग दुसरंही तासलं. दुसऱ्याला काही झालं नव्हतं.

मूल गेलं तेव्हा बबिताही जाता जाता वाचली होती. दवाखान्यातून घरी आणल्यावर रामप्रसादच म्हणाला होता, "आता बास." मूल बंद करायच्या ऑपरेशनच्या शिबिरात ती सासूला न सांगता दोनदा गेली, दोन्ही वेळा अंगात रक्त कमी म्हणून परत पाठवली. मग गोळ्या सुरू झाल्या. परभणीच्या बाजारातून मेंढरांचं जंताचं औषध आणताना त्याच पिशवीत तो गोळ्यांची पाकिटं आणायचा. आईला कळू द्यायचं नाही, एवढं दोघांत ठरलेलं. नवराबायकोत बाकी फारसं गुपित असं काही नव्हतं, ते एक होतं, आणि इतकी वर्षं ते दोघांनी मिळून सांभाळलं होतं.

म्हणून भिवराबाईच्या बोलण्यानं तो आनंदला नाही की चिडला नाही. त्याला हिशेब लागेना, एवढंच. दिवाळीपासून तो मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेलेला. संक्रांतीला तेवढा चार रात्री घरी आला होता.

बबिता भांडी घासत होती. तो जवळ जाऊन उकिडवा बसला.

"आई म्हणायली ते खरं हाय का?"

"वाटायलंय तसं."

"गोळ्या घेत हुतीस का?"

"घेत हुते."

"एखांदी चुकली असंल."

"एक बी चुकली न्हाई."

चुकली म्हणाली असती तर विषय तिथंच मिटला असता. पण बबिता खोटं बोलली नाही आणि रामप्रसादला पुढं जावं लागलं.

"मग ऱ्हायलं कसं?"

विचारताना त्याच्या मनात खरोखर तेवढंच होतं. पण शब्द तोंडातून गेले आणि त्यांचा दुसरा अर्थ दोघांच्या मधोमध येऊन बसला. बबितानं घासत असलेलं पातेलं खाली ठेवलं.

"तुमी चार म्हैने रानात," ती म्हणाली. "असंच ना?"

"मी तसं म्हणलो का?"

"न्हाई. म्हणाला न्हाईत."

तिनं पातेलं विसळलं, पालथं घातलं आणि आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. त्या रात्री घोंगडी घेऊन तो मेंढरांपाशी झोपायला गेला. कुणी विचारलं तर लांडग्याचं कारण सांगायचं त्यानं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

सकाळपर्यंत घरात सगळ्यांना कळलं होतं, कारण चंदाला कळलं होतं. राजनंदिनीची आई कुसुमबाई सोनपेठहून आलेली, ती मुक्कामाला होती. विहिणीच्या देखत घरची गोष्ट काढू नये ही रीत चंदालाही ठाऊक होती. म्हणून तिनं आधी विहिणीला चहा दिला आणि मग काढली.

परमेश्वरनं कपाळाला हात लावला. "माझ्या लेकराच्या आदीमागं माझा भाऊ? शाळंत काय सांगायचं? एकाच बाकावर काका अन् पुतण्या?"

"बसू दे की," भिवराबाई म्हणाली. "एकमेकाला सोबत हुईल."

"आज्जी, गाव हसंल."

"गावाला काय काम हाय दुसरं?"

"गाव हसंल ते ऱ्हाऊ द्या," चंदा म्हणाली. तिनं आवाज खाली घेतला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "दादा दिवाळीपसून रानात. मी आपलं बोलायले."

रामप्रसाद दारात उभा होता. त्यानं त्या क्षणी बोलायला हवं होतं. संक्रांतीला मी घरी होतो, एवढं वाक्य पुरलं असतं. त्याच्या तोंडात ते आलंही होतं. पण कालचा प्रश्न त्याचा स्वतःचा होता, आणि आता बोललं तर बबिता आपल्याकडं बघेल याची त्याला भीती वाटली. तेवढ्यात वेळ निघून गेली.

राजनंदिनी उंबऱ्याशी बसून हे बघत होती. नवऱ्याकडं पाहिलं तर तो जमिनीकडं बघत होता, सासऱ्याकडं पाहिलं तर तोही. या घरातल्या बाप्यांना जमीन फार आवडते, असं तिच्या मनात आलं. ती पोट सावरत उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. कोण कुणाशेजारी बसतं याकडं त्या खोलीत सगळ्यांचं लक्ष होतं.

बबिता उठली. आत ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिनं दोन पाकिटं सगळ्यांच्या मधे ठेवली.

"ही लेकरू ऱ्हाऊ नये म्हणून घ्यायची गोळी," ती म्हणाली. "लय वर्षं झाली घ्यायला. ह्यांनीच आणून दिल्यात."

भिवराबाईनं पाकिटाकडं पाहिलं, मग मुलाकडं, मग वर आढ्याकडं. देवाकडं एवढी माफी एकदम कशी मागायची हे तिला सुचत नसावं.

"अन् ही लाल?" चंदानं विचारलं.

बबितानं मानेवरचा पदर बाजूला केला. कानाच्या खाली, गळ्याच्या बाजूला सुपारीएवढ्या दोन गाठी होत्या. "ही ह्याची. टीबी हाय. दसऱ्यापसून औषध चालू हाय."

हे मात्र रामप्रसादनं आणि भिवराबाईनं मिळून लपवलं होतं. नवी सोयरीक, पाव्हण्यांना कळलं तर लेक घेऊन जातील, औषध संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बबिताला कुणी विचारलं नव्हतं. ऐन उन्हातही ती गळ्याशी पदर गच्च घेऊन फिरत होती, आणि गावात ती मर्यादशील म्हणून नावाजली गेली होती.

कुसुमबाईनं कप खाली ठेवला. "टीबी? अन् माझी पोटुशी लेक ह्याच घरात निजायली?"

"गाठीचा हाय, विहीणबाई. डॉक्टर म्हणले, ह्यो दुसऱ्याला लागत न्हाई. छातीचा फोटो काढला, छाती साफ हाय."

"डॉक्टर म्हणले, तर मग आमच्यापसून लपविलं कामून?"

कुसुमबाई उठली. "राजनंदिनी, पिशवी भर. सोनपेठला चल."

"न्हाई," राजनंदिनी म्हणाली.

"काय न्हाई?"

"आदी डॉक्टरला विचार. लागतो म्हणले तर येते."

कुसुमबाई लेकीकडं बघत राहिली. मग खाली पडलेल्या पाकिटांकडं तिची नजर गेली. राग अर्ध्यात थांबल्यासारखा तिचा चेहरा झाला. ती वाकली, लाल गोळ्यांचं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ धरलं.

"ह्याच्यात अँटिबायोटिक असतंय का?"

"असंल," बबिता म्हणाली. "मला काय कळतंय?"

"न्हाई, मेडिकलवाला म्हणला हुता. दाताला गोळ्या दिल्या तवा. म्हणला, अँटिबायोटिक चालू असलं की ती गोळी काम करीत न्हाई."

"कुठली गोळी?" चंदानं विचारलं.

कुसुमबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिची दाढ सुजल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचं आता ठाऊक झालं. परमेश्वरनं सासूबाईंकडं पाहिलं आणि लगेच पुन्हा जमीन गाठली.

"कुठली का असंना," कुसुमबाई म्हणाली. "चला परभणीला. मला बी दोन गोष्टी विचारायच्यात."

काळीपिवळी जीपमध्ये पुढं रामप्रसाद बसला, मागं बबिता, भिवराबाई आणि कुसुमबाई. झरी सोडून परभणी येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. ड्रायव्हरला वाटलं, मयतीला निघालेत. त्यानं गाणी बंद ठेवली.

डॉक्टर वयस्कर होते. खोलीत चौघं एकदम शिरली आणि खुर्च्या दोनच होत्या. बबिता एकीवर बसली, दुसरीवर भिवराबाई बसायला गेली आणि मधेच थांबली. दसऱ्याला ती याच खुर्चीवर बसली होती.

बबितानं शिबिरापासूनचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट हातात आल्यावर चष्मा काढला.

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं," ते म्हणाले. "दुसरं काही औषध चालू आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

बबितानं फक्त भिवराबाईकडं पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. भिवराबाईला समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं. सासू शेजारी बसलेली असताना सून कसं सांगणार होती?

"माझ्यामुळं न्हाई बोलली ती," भिवराबाई म्हणाली.

"मीही तुम्हाला बाहेर बसवायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "आता ऐका. या गाठीच्या औषधात एक औषध असं असतं, की त्यानं लिव्हरचं काम जोरात सुरू होतं. लिव्हर मग त्या दुसऱ्या गोळीचा अंश अंगात टिकू देत नाही, लवकर संपवून टाकतं. गोळी पोटात जाते, पण पुरत नाही."

"रोज घेतली तरी?" रामप्रसादनं विचारलं. तो दाराशी उभा होता.

"रोज घेतली तरी."

"एक बी न चुकता?"

"एकही न चुकता. यात बाईंची चूक काहीच नाही."

रामप्रसादनं मान हलवली. मग आणखी एकदा हलवली. त्याला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्या मोकळ्या झालेल्या जागेत लगेच दुसरंच काहीतरी येऊन बसलं. आदल्या दिवशी त्यानं हेच बबिताच्या तोंडून ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत. डॉक्टरांनी सांगितल्यावर ते खरं झालं होतं.

"डॉक्टरसाहेब," कुसुमबाई मधे पडली. "म्हंजे दाताच्या गोळ्यांनी बी तसंच?"

"नाही. दात, खोकला, ताप, जखमा, यांची नेहमीची अँटिबायोटिक्स चालतात. त्यांनी त्या गोळीचं काही बिघडत नाही. फार उलट्या-जुलाब झाले तर मात्र गोळी अंगी लागत नाही, तेवढं बघायचं. टीबीच्या औषधाची गोष्ट वेगळी आहे."

"आमचा मेडिकलवाला सगळ्यालाच म्हणला."

"बरेच जण म्हणतात."

कुसुमबाईनं मोठा श्वास सोडला. सुजलेल्या दाढेवर हात ठेवून ती भिंतीला टेकली. मग दुसरी गोष्ट विचारली, आणि गाठीचा टीबी घरात पसरत नाही हेही स्वतःच्या कानांनी ऐकून घेतलं.

"पुढचं कसं?" भिवराबाईनं विचारलं.

"ठेवायचं असेल तर ठेवता येतं. हे औषध बाळाला सहसा बाधत नाही, पण ते मधे सोडायचं नाही. नको असेल तर आत्ता लवकर आहे, बाईंच्या डॉक्टरकडं पाठवतो. ठरवायचं यांनी." त्यांनी बबिताकडं बोट केलं. "आणि औषध संपून वर एक महिना होईपर्यंत त्या गोळ्यांवर विसंबायचं नाही. तांबी बसवता येईल. नाहीतर यांनी ऑपरेशन करून घ्यावं."

'यांनी' म्हणताना बोट रामप्रसादकडं वळलं होतं.

रामप्रसादनं आजवर कितीतरी मेंढे खच्ची केले होते. त्याचा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "तसं नसतं ते. काही काढत-बिढत नाहीत."

"माझ्या लेकाला कापायचं?" भिवराबाई म्हणाली.

"तुमच्या सुनेला दोनदा कापायला नेलं होतं ना," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर रामप्रसाद जीप बघायला गेला. तिघी बायका रसवंतीच्या बाकावर बसल्या. रस आला. बबितानं घोट घेतला, तो पोटात राहिला.

"मला सांगायचं हुतंस," भिवराबाई म्हणाली. "एवढी वर्षं म्या देवाला शिव्या दिल्या."

"सांगितलं असतं तर घेऊ दिल्या असत्या का?"

भिवराबाईनं खरोखर विचार केला. ग्लासातला बर्फ हलवत बराच वेळ केला.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. ठेव आता. मी सांभाळते. राजनंदिनीचं अन् तुझं, दोन्ही."

"नको, आत्याबाई." बबिताचा आवाज चढला नाही. "मागल्या टायमाला मी मेलेच हुते. तुमी पायाशी बसून रडला हुता, मला आठवतंय. आता अंगात ह्यो आजार. मला पहिलं बरं व्हायचंय. नातवाला मांडीवर घ्यायचंय. मला पुन्हा न्हाई जायचं त्या वाटंनं."

भिवराबाईला ती रात्र आठवली. तिला त्या बाळाचा चेहराही आठवला, आणि तो आठवत असतो हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं डोळे पुसले, मग उन्हाला दोष दिला.

कुसुमबाई इतका वेळ ऐकत होती. ती विहीण होती, तिला यात बोलायचा हक्क नव्हता. तिनं बबिताच्या पदराला हात घातला आणि गळ्यावरून तो सैल करून मागं सारला.

"उकडायलंय," ती म्हणाली. "कशाला आवळून बसायचं? राजनंदिनी तुमच्यापशीच ऱ्हाईल. बाळंतपणाला नेईन, ते रीतीपरमानं."

घरी चंदा वाट बघत होती. जीपमधून सगळ्यांत आधी रामप्रसाद उतरला आणि तिच्यापाशी गेला.

"संक्रांतीला मी घरी हुतो," तो म्हणाला. "चार रात्री."

"मी कुठं काय म्हणले, दादा?"

"म्हणालीस. म्या बी म्हणलो. माझं मी बघतो. तुझं तू वहिनीला बोल."

चंदा वहिनीला काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. पण संध्याकाळी भाकऱ्या तिनं थापल्या, आणि माहेरी आल्यावर ती सहसा चुलीजवळ फिरकत नसे.

बाईंच्या डॉक्टरकडं बबिताचा नंबर सोमवारी होता. भिवराबाई सोबत होती, आणि रामप्रसादही मेंढरं परमेश्वरवर सोपवून आला होता. इतक्या दिवसांत बबिता सगळ्यांशी नीट बोलत होती, त्याला काही सांगायचं असलं तर भिवराबाईकरवी सांगत होती. भिवराबाई निरोप पोचवताना त्यात आपलंही थोडं घालत होती.

नर्सनं विचारलं, "सोबत कोण?"

"मी," रामप्रसाद पुढं झाला. "नवरा. सही करू का?"

"सही बाईंची झाली. तुमची लागत नाही."

तो पुन्हा भिंतीशी गेला. बाकावर बायका होत्या, म्हणून उभाच राहिला. बराच वेळ गेला. आतून बबिताला खाटेवर आणून निजवलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरीणबाई मागून आल्या, सगळं व्यवस्थित झालं, संध्याकाळी घरी न्या म्हणाल्या आणि वळल्या.

"मॅडम," रामप्रसाद म्हणाला.

त्या थांबल्या.

"ते बाप्यांचं ऑपरेशन." तो एक पाऊल पुढं आला. "माझं बी आजच हुतंय का?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेजारच्या खाटेवरची बाई उशीवरून मान उचलून बघायला लागली. भिवराबाईनं पदर तोंडाला लावला, पण मधे पडली नाही.

बबितानं डोळे उघडले.

"दोघं बी एकदम निजल्यावर," ती म्हणाली, "मेंढरं कोण बघायचं?"

रामप्रसादनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलली होती. उत्तर चुकू नये म्हणून तो थोडा थांबला.

"मग पुढच्या सोमवारी येतो," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली. "मी येते संगं."